जिंकला खरा, पण…: सायकल शर्यत, स्प्रिंटर आणि चाहत्याच्या संशयाचा इतिहास

१/
३ जुलै २०२४. टूर द फ्रान्सचा पाचवा टप्पा सँ-व्युल्बा या गावी संपत होता. अखेरच्या काही क्षणांत ३९ वर्षांचा ब्रिटिश सायकलपटू मार्क कॅव्हेंडिश घोळक्यातून वाट काढत पुढे सरसावला आणि सर्वांच्या आधी रेषेपार गेला. टूरमधील हा त्याचा पस्तिसावा टप्पाविजय. बेल्जियमच्या एडी मर्क्सचा ३४ विजयांचा, १९७५ पासून कोणालाही न ओलांडता आलेला विक्रम त्या दुपारी मोडला.

२/
कॅव्हेंडिश कधीही उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेला नाही. तरीही त्या आनंदात एक कडवट थेंब होता. तो ज्या अस्ताना संघाकडून खेळत होता, त्याचा प्रमुख अलेक्झांडर विनोकुरोव्ह २००७ च्या टूरमध्ये दुसऱ्याचे रक्त भरून घेतल्याबद्दल पकडला गेला होता आणि बंदी भोगून परतला होता. जिंकणाऱ्याचा दोष काहीच नव्हता. पण या खेळाच्या चाहत्याला निखळ आनंद क्वचितच मिळतो. टाळी वाजवणारे हात आणि शंका घेणारे मन, दोन्ही त्याचीच असतात.

३/
ही दुभंगलेली मनःस्थिती एका दिवसात तयार झालेली नाही. तिला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुण्याच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पी सायकल शर्यत झाली, तेव्हा हा खेळ महाराष्ट्राच्या दारात आला. त्याच्यासोबत त्याचा संशयही आला. म्हणून हा इतिहास मराठी वाचकानेही जाणून घ्यावा असा आहे.

४/
प्रथम स्प्रिंटर म्हणजे कोण, ते पाहू. सपाट प्रदेशातील टप्प्यात दीडशेहून अधिक सायकलपटू चार-पाच तास एकत्र जातात. या जथ्याला पेलोटॉन म्हणतात. पुढच्याच्या आडोशाला राहिले की वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि बरीच ताकद वाचते. स्प्रिंटरचे सहकारी त्याला असाच आडोसा देत, एकामागून एक स्वतःला खर्ची घालत, अंतिम रेषेजवळ आणून सोडतात. उरलेले सुमारे दोनशे मीटर त्याचे एकट्याचे. तेथे वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातो आणि दिवसभराच्या श्रमांचा निवाडा काही सेकंदांत होतो.

५/
स्प्रिंटरचे एक दुसरे, फारसे न दिसणारे युद्ध डोंगरात चालते. त्याचे शरीर भरदार असते. घाट चढताना ते वजन त्याला खाली ओढते. प्रत्येक टप्प्याला कालमर्यादा असते. विजेत्यानंतर ठरावीक वेळेत न पोहोचणाऱ्याला शर्यतीतून बाहेर काढतात. त्यामुळे डोंगराळ दिवशी मागे पडलेले स्प्रिंटर एक टोळी करतात आणि घड्याळाकडे पाहत कसेबसे शेवट गाठतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

६/
आता आरंभाकडे. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये ‘लोतो’ या वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. विजेता मॉरिस गारँ. दुसऱ्याच वर्षी, १९०४ मध्ये, गारँ पुन्हा पहिला आला. पण रात्रीच्या अंधारात काहींनी आगगाडी आणि मोटारीचा आधार घेतल्याच्या तक्रारी आल्या. चौकशीअंती पहिले चारही स्पर्धक बाद झाले आणि विशीही न गाठलेला आँरी कोर्ने विजेता ठरला. म्हणजे या शर्यतीत संशयाचे वय जवळजवळ शर्यतीइतकेच आहे.

७/
औषधांची गोष्टही जुनीच. १९२४ च्या टूरमध्ये आँरी पेलिसिए आणि त्याचा भाऊ फ्रान्सिस यांनी नियमांना कंटाळून मध्येच शर्यत सोडली. कुतांस येथील एका कॅफेत पत्रकार अल्बेर लाँद्र यांच्यासमोर त्यांनी आपल्या पिशव्या उघडल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय निरनिराळ्या गोळ्या. लाँद्र यांचा वृत्तान्त छापून आला तेव्हा वाचकांना फसवणुकीचा राग आला नाही. त्यांना या माणसांची कीव आली. ज्यांच्याकडून अमानुष श्रम करवून घेतले जातात, त्यांनी वेदना मारण्यासाठी काही घेतले तर त्यात नवल ते काय, अशी तेव्हाची धारणा होती.

८/
ही धारणा पुढची चार दशके टिकली. पाच वेळा टूर जिंकणारा फ्रान्सचा जाक आंकतिल उत्तेजकांचे उघड समर्थन करी. व्यावसायिक सायकलपटू हा कष्टकरी आहे आणि कष्टकऱ्याने काय घ्यावे हे इतरांनी ठरवू नये, असा त्याचा रोख असे. १९६५ मध्ये फ्रान्सने उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दो येथे पहिल्यांदा चाचण्या झाल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी स्पर्धकांनी सायकलवरून उतरून पायी चालत निषेध नोंदवला. चाचणी हा तेव्हा अपमान मानला जाई.

९/
१३ जुलै १९६७ रोजी चित्र बदलले. माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या, दगडी डोंगरावर, कडक उन्हात ब्रिटनचा माजी जगज्जेता टॉम सिम्पसन चढताना कोसळला. त्याला पुन्हा सायकलवर बसवण्यात आले. थोड्या अंतरावर तो पुन्हा पडला आणि मरण पावला. तो अवघा २९ वर्षांचा होता. शवचिकित्सेत त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामाइन आणि मद्य आढळले. उन्हाने निर्जल झालेल्या शरीराला थांबण्याची सूचना मिळत होती. औषधाने ती सूचनाच बंद पाडली होती.

१०/
ज्या जागी सिम्पसन पडला, तेथे आज त्याचे स्मारक आहे. डोंगर चढून जाणारे हौशी सायकलस्वार थांबतात आणि पाण्याची बाटली, टोपी, असे काहीतरी तेथे ठेवून पुढे जातात. तो औषध घेत होता हे त्यांना माहीत असते. तरीही ते थांबतात. चाहत्याच्या मनात निवाडा आणि माया एकाच वेळी कशा नांदतात, हे कळण्यासाठी या दगडाइतका चांगला पुरावा नाही.

११/
१९६९ मध्ये इटलीच्या शर्यतीत, जीरोमध्ये, आघाडीवर असलेला एडी मर्क्स सावोना येथे चाचणीत दोषी ठरला आणि त्याला बाहेर काढण्यात आले. त्याने रडत निर्दोष असल्याचे सांगितले. त्याच्यावरील पुढील बंदी नंतर उठवण्यात आली आणि त्याच वर्षी त्याने आपली पहिली टूर जिंकली. त्या दिवशी नेमके काय घडले, यावर आजही एकमत नाही. येथून चाहत्याला एक नवी सवय लागली: निकाल वाचायचा, आणि मग त्याच्या खरेपणाची वाट पाहायची.

१२/
१९९० च्या दशकात मात्र सगळे प्रमाणच बदलले. एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, हे मूळचे मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांसाठीचे औषध. ते तांबड्या रक्तपेशी वाढवते. पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू अधिक मिळतो. अ‍ॅम्फेटामाइन थकवा फक्त विसरायला लावत असे; ईपीओमुळे शरीराची क्षमताच खरोखर वाढू लागली. ते ओळखणारी चाचणी २००० सालापर्यंत नव्हती. १९९७ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, यूसीआयने, रक्तातील पेशींच्या प्रमाणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. परिणाम असा, की अनेकांनी त्या रेषेच्या जेमतेम खाली राहण्याचे तंत्र साधले.

१३/
८ जुलै १९९८. टूरला तीन दिवस उरले असताना बेल्जियम-फ्रान्स सीमेवर फेस्तिना संघाची मोटार अडवली गेली. चालक विली व्हूत हा संघातील मालीश करणारा सहायक. गाडीत ईपीओ आणि इतर औषधांचा मोठा साठा सापडला. संघ बाहेर काढला गेला, पोलिसांनी हॉटेलांवर छापे घातले, स्पर्धक रस्त्यावर बसून राहिले. निघालेल्या १८९ पैकी ९६ जणच पॅरिसला पोहोचले. एखाद-दुसरा चोर सापडला असे नव्हते. औषधे पुरवण्याची आणि लपवण्याची व्यवस्थाच उघडी पडली होती.

१४/
फेस्तिनाचा लाडका नायक रिशार व्हिराँक दोन वर्षे नकार देत राहिला आणि २००० मध्ये लील येथील न्यायालयात त्याने कबुली दिली. बंदी भोगून तो परतला. १४ जुलै २००४ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, त्याने टूरचा टप्पा जिंकला आणि रस्त्याकडेच्या गर्दीने त्याला डोक्यावर घेतले. फसवला गेलेला चाहता फसवणाऱ्याला क्षमा करू शकतो, हे तेव्हा दिसले. मात्र या क्षमेचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही.

१५/
त्याच फेस्तिना संघात क्रिस्तोफ बासाँ नावाचा एक सायकलपटू होता. तो काही घेत नाही, असे त्याच्या दोषी सहकाऱ्यांनीच चौकशीत सांगितले. १९९९ च्या टूरमध्ये तो वृत्तपत्रात स्तंभ लिहीत होता आणि शर्यतीचा वेग संशयास्पद असल्याचे सूचित करत होता. जथ्याने त्याच्याशी बोलणे टाकले. आघाडीवरील लान्स आर्मस्ट्राँगने चालत्या शर्यतीत त्याच्याजवळ येऊन त्याला निघून जाण्यास सुनावले. मनाने खचलेल्या बासाँने ती टूर अर्ध्यावर सोडली.

१६/
या इतिहासातील खरा तोटा येथे दिसतो. औषध घेणाऱ्याला पदके मिळाली, नंतर नाचक्की झाली, काहींना क्षमाही मिळाली. न घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र ना पदक आले, ना टाळी. तो जिंकला नाही म्हणून कोणाला ठाऊक नाही. आणि जिंकला असता तर त्याच्यावरही संशयच घेतला गेला असता. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते हे असे.

१७/
आर्मस्ट्राँग कर्करोगातून उठून १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूर जिंकला. १९९९ मध्येच त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश मिळाला होता. मागाहून पुढे केलेल्या औषधचिठ्ठीवर तो निभावला. यूसीआयने त्याच्याकडून देणग्या स्वीकारल्या, आणि त्याला झुकते माप दिल्याचा ठपका २०१५ मध्ये एका स्वतंत्र आयोगाने ठेवला. कुंपणच शेत खाऊ लागले, तर राखण कोणी करायची? ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदे रद्द झाली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. ती सात विजेतेपदे दुसऱ्या कोणालाही देण्यात आली नाहीत. यादीत सात जागा आजही रिकाम्या आहेत.

१८/
या सर्व काळात चाहत्याने एक कोपरा आपल्यापुरता राखून ठेवला होता: स्प्रिंटरचा. तर्क सरळ होता. ईपीओचा उपयोग लांब चढणीवर दमसास टिकवण्यासाठी. स्प्रिंटरचे काम दहा-पंधरा सेकंदांचे. त्याचा वेग जन्मजात, धाडस स्वतःचे, चूक झाली तर हाड मोडणार तेही त्याचेच. डोंगराच्या राजांवर विश्वास उरला नसला, तरी सपाटीवरची झुंज खरी, अशी ही समजूत होती.

१९/
या समजुतीचा सर्वांत सभ्य चेहरा म्हणजे जर्मनीचा एरिक झाबेल. स्प्रिंटरांच्या गुणतालिकेत प्रथम येणाऱ्यास मिळणारी हिरवी जर्सी त्याने १९९६ ते २००१ अशी सलग सहा वर्षे जिंकली. दिखाऊपणा नाही, वादावादी नाही. रोज नेमाने कामावर जाणाऱ्या माणसासारखा तो खेळे. मे २००७ मध्ये त्याने पत्रकार परिषद बोलावली आणि रडत सांगितले, की १९९६ च्या टूरमध्ये एक आठवडा आपण ईपीओ घेतले होते. त्रास झाला म्हणून सोडून दिले. लोकांना त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुकच वाटले.

२०/
सहा वर्षांनी, २४ जुलै २०१३ रोजी, फ्रान्सच्या सिनेटचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९९८ च्या टूरमधील जतन केलेल्या नमुन्यांची नंतर तपासणी झाली होती. ईपीओ आढळलेल्यांत झाबेलचे नाव होते. मग त्याने मान्य केले, की ते एका आठवड्याचे नव्हते, कित्येक वर्षांचे होते: ईपीओ, कॉर्टिसोन, स्वतःचे रक्त साठवून पुन्हा भरून घेणे, सर्व काही. पहिल्या कबुलीने जो विश्वास परत मिळाला होता, तो या दुसऱ्या कबुलीने मुळासकट उपटला. चाहत्याला गुन्ह्यापेक्षा अर्ध्या सत्याची जखम अधिक लागली.

२१/
मग स्प्रिंटरला ईपीओ कशासाठी? उत्तर पाचव्या क्रमांकात आले आहे. तीन आठवडे रोज घाट आणि घड्याळ यांच्याशी झुंजून जो कमी थकतो, त्याच्या पायांत शेवटच्या आठवड्यातही जोर उरतो. अखेरचे दोनशे मीटर जन्मजात वेगाचे असतीलही. पण त्या दोनशे मीटरपर्यंत ताजेतवाने पोहोचणे हे दमसासाचेच काम. चाहत्याने फक्त शेवट पाहिला आणि त्याआधीचे पाच तास विसरला. समजूत तेथे चुकली.

२२/
इटलीच्या अलेस्सांद्रो पेताक्कीची कहाणी आणखी गुंतागुंतीची. २००७ च्या जीरोमध्ये त्याने पाच टप्पे जिंकले. नमुन्यात दम्यावरचे सॅल्ब्युटामॉल मर्यादेहून अधिक निघाले. त्याच्याकडे दम्याच्या औषधाची रीतसर परवानगी होती. क्रीडा लवादाने त्याला बंदी घातली, तरी त्याने हेतुपुरस्सर फसवले असे म्हटले नाही. अनेक चाहते त्याच्या बाजूने उभे राहिले. २०१९ मध्ये ऑस्ट्रियातून सुरू झालेल्या ‘अ‍ॅडरलास’ या रक्तप्रकरणात २०१२-१३ मधील कृत्यांबद्दल त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतरच्या प्रत्येक स्प्रिंटरला हे फुंकलेले ताकच मिळाले.

२३/
संशयाचीही एक हिंसा असते. २०१५ च्या टूरमध्ये आघाडीवर असलेल्या क्रिस फ्रूमच्या अंगावर रस्त्याकडेच्या एका माणसाने मूत्र फेकले आणि त्याला ‘डोपर’ म्हणून हिणवले. तेव्हा त्याच्याविरुद्ध एकही दोषी नमुना नव्हता. २०१७ मध्ये स्पेनच्या शर्यतीत त्याच्या नमुन्यात सॅल्ब्युटामॉल अधिक आढळले. जुलै २०१८ मध्ये यूसीआयने प्रकरण बंद करून त्याला निर्दोष सोडले. काहींसाठी विषय संपला, काहींसाठी कधीच संपणार नाही. निर्दोष असल्याचा पुरावा देता येत नाही; फार तर दोषाचा पुरावा सापडलेला नसतो.

२४/
व्यवस्थेने काहीच केले नाही, असे मात्र नाही. फेस्तिना प्रकरणाच्या धक्क्यानंतर १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, वाडा, उभी राहिली. २००८ पासून सायकलपटूंसाठी ‘जैविक पारपत्र’ आले: प्रत्येकाच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवायच्या आणि अनैसर्गिक चढउतार दिसला की जाब विचारायचा. चोरीचे औषध हाती लागले नाही तरी त्याचा माग लागतो. नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवले जातात, त्यामुळे आजचा निकाल उद्याच्या विज्ञानापुढेही तपासला जाऊ शकतो.

२५/
आता महाराष्ट्राकडे. रस्त्यावरची सायकल शर्यत येथे परकी नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधील भारतीय सायकल संघात रोहिंटन नोबल, अदी हवेवाला, होमी पवरी अशा पारशी तरुणांचा भरणा होता. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून खंडाळा प्रथम गाठणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणून गौरवण्याची प्रथा पडली. दिवे घाटात पालखी पाहण्यासाठी जशी माणसे तासन्‌तास उभी राहतात, तशीच या शर्यतीसाठीही रस्त्याकडेला उभी राहत. तिकीट नाही, कुंपण नाही. खेळाडू हातभर अंतरावरून जातो. या खेळावरचे प्रेम याच जवळिकीतून जन्मते आणि फसवणूकही म्हणूनच घरच्यासारखी लागते.

२६/
जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावात सायकल हे शर्यतीपेक्षा शाळेला जाण्याचे वाहन. तेथे खेळाचे प्रेम कुस्तीच्या वाट्याला येते; २०१८ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा तर जालना शहरातच भरली होती. आणि मराठी चाहत्याला उत्तेजकांच्या संशयाचा सर्वांत मोठा चटका बसला तोही कुस्तीतच. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेल्या, मुंबईत वाढलेल्या नरसिंग यादवने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटात रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवली. ती जागा सुशीलकुमारची की नरसिंगची, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल नरसिंगच्या बाजूने लागला.

२७/
त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या नमुन्यात मेटॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडल्याचे जाहीर झाले. अन्नपाण्यात कोणीतरी कालवले, असे त्याचे म्हणणे होते. १ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, नाडाने, ते मान्य करून त्याला मोकळे केले. वाडाने अपील केले. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने घातपाताचा दावा पुराव्याअभावी फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. काहींनी त्याला बळी मानले, काहींनी दोषी. दोन्ही बाजूंना त्याच्याविषयी ममता होती. सावोनानंतर मर्क्सच्या चाहत्यांची जी अवस्था झाली असेल, तीच या तालमींतील माणसांची झाली.

२८/
हे एका मल्लापुरते नाही. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के, मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता ऑगस्ट २०१९ मध्ये स्थगित झाली, ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असलेले मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामशाळांत बेकायदा विकले जाते आणि पुणे, सांगली, कोल्हापूर भागांत पोलिसांनी अशा विक्रेत्यांवर कारवाया केल्या आहेत. सिम्पसनच्या खिशातल्या गोळ्या आणि ही कुपी एकाच कुळातली: दोन्ही थकव्याची सूचना दाबतात.

२९/
या पार्श्वभूमीवर १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे ग्रँड टूर झाली. सुमारे ४३७ किलोमीटर, यूसीआयच्या २.२ श्रेणीतील भारतातील पहिली बहुटप्पी शर्यत. ज्या शहराला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, तेथे परदेशी संघांचे रंगीत जथे पाहायला शाळकरी मुले रस्त्याकडेला उभी राहिली. त्यांच्यापैकी कोणी उद्या स्प्रिंटर होऊ पाहील. त्याला चांगली सायकल, मार्गदर्शक आणि रस्ता लागेलच. त्याहून अधिक लागेल ती व्यायामशाळेत कुपी पुढे करणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय. नाही म्हटल्यावरही संघात जागा राहील याची खात्री.

३०/
युरोपने ही खात्री फार उशिरा दिली आणि तिची किंमत बासाँसारख्यांनी मोजली. झाबेलच्या दुसऱ्या कबुलीचा आणि सिनेटच्या अहवालाचा धडाही तोच: विश्वासघात पकडला गेल्यामुळे खेळ बुडत नाही, तो झाकला गेल्यामुळे बुडतो. त्यामुळे चाहत्याचा संशय हा खेळाचा शत्रू समजू नये. ज्याचे प्रेम नाही, तो शंका घेण्याचेही कष्ट घेत नाही. मात्र ती शंका चाचणी, नोंदी आणि चौकशी मागणारी असावी. रस्त्याकडेला उभे राहून थुंकणारी नसावी.

३१/
आणि शर्यत पाहायला जाल तेव्हा विजेता रेषेपार गेल्यावर लगेच परतू नये. घाटाच्या दिवशी पंचवीस-तीस मिनिटांनी मागची टोळी येते: घामाने निथळलेली, घड्याळाशी झुंजणारी, कोणाच्याही यादीत पहिल्या पानावर नसलेली. त्यांच्यातही कोण काय घेतो, हे पाहणाऱ्याला सांगता येणार नाही. पण काहीही न घेता केवळ कालमर्यादेत पोहोचण्यासाठी जिवाचे रान करणारा एखादा त्या टोळीत असतोच. टाळी त्याच्यासाठी राखून ठेवावी.